पायाखालची जमीन कोणाची?
जपानमधले भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचे घर आणि त्याची मुदत

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. जपानमध्ये आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी घर बांधले नाही. सुरुवातीला कंपनीने दिलेल्या जागेत राहिलो, मग निशी-कासाईसारख्या ठिकाणी यूआरच्या इमारतीत किंवा खाजगी घरमालकाकडे भाड्याने राहिलो. आता मुले इथल्या शाळांत रुळली आहेत, काहींना कायम वास्तव्याचा परवाना मिळाला आहे, आणि ‘दरमहा भाडे भरण्यापेक्षा हप्ता भरलेला काय वाईट?’ हा विचार घरोघरी चालू आहे. अशा वेळी जाहिरातीत एखादा फ्लॅट दिसतो. स्टेशन जवळ, इमारत चांगली, आणि किंमत शेजारच्या तशाच फ्लॅटपेक्षा बरीच कमी. जाहिरातीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते: ‘शाकुचिकेन’ किंवा ‘तेइकि शाकुचिकेन’.

या एका शब्दावर घराचे पुढचे सारे भवितव्य ठरते. ‘मुदत संपली की वाढवून मिळते ना?’ हा प्रश्न मंडळाच्या गप्पांत वारंवार निघतो. त्याचे उत्तर एका शब्दात ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ते कोणता करार, कोणत्या सालचा आणि कोणत्या प्रकारचा, यावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

जमीन एकाची, घर दुसऱ्याचे

जपानच्या कायद्यात जमीन आणि तिच्यावरची इमारत या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. दोन्हींची नोंद वेगळी होते. त्यामुळे जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचे, ही इथे अगदी जुनी आणि सर्वमान्य रीत आहे. जमीन आणि घर दोन्ही आपले असेल तर त्याला ‘शोयुकेन’, म्हणजे पूर्ण मालकी म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीवर आपले घर उभे करण्याचा जो हक्क, तो ‘शाकुचिकेन’. त्यासाठी जमीनमालकाला दरमहा जे भाडे द्यायचे, ते ‘चिदाइ’. शहरांतल्या अशा पुष्कळ जमिनी बौद्ध मंदिरांच्या आणि जिंजांच्या मालकीच्या आहेत. देवस्थानच्या जमिनी आपल्याला नव्या नाहीत, त्यामुळे हा प्रकार समजायला अवघड जाऊ नये.

आपल्याकडेही हे नाही असे नाही. नव्या मुंबईत सिडको जमीन विकत नाही, ६० वर्षांच्या पट्ट्याने देते. मुंबईत म्हाडाच्या, महानगरपालिकेच्या आणि बंदराच्या जमिनींवर अशाच पट्ट्याने कितीतरी सोसायट्या उभ्या आहेत. आपण ‘माझा वाशीचा फ्लॅट’ म्हणतो खरे, पण त्याखालची जमीन सोसायटीने पट्ट्याने घेतलेली असते. फरक एवढाच की तिकडे बहुधा पट्टा सोसायटीच्या नावावर असतो, तर जपानमधल्या अशा मान्शोनमध्ये प्रत्येक फ्लॅटधारकाचा त्या भाडेहक्कात स्वतःचा वाटा असतो. म्हणून ‘ते सोसायटी बघून घेईल’ असे म्हणून इथे चालत नाही.

कायदा असा का झाला?

रशिया-जपान युद्धानंतर, म्हणजे १९०५ नंतरच्या काळात, शहरांतल्या जमिनींचे भाव चढले. भाडे वाढवून न देणाऱ्या भाडेकरूला हटवायचे तर मालक जमीनच तिसऱ्याला विकून टाकू लागले. नवा मालक म्हणायचा, ‘माझा तुमच्याशी करार नाही, घर मोडा आणि निघा.’ धरणीकंपाने घर पडावे तसे या विक्रीने घर पडे, म्हणून लोक तिला ‘जिशिन बाइबाइ’, म्हणजे भूकंप-विक्री म्हणू लागले. त्यावर उपाय म्हणून १९०९ मध्ये कायदा झाला: भाडेकरूने आपल्या घराची नोंद केलेली असेल तर जमिनीचा मालक बदलला तरी त्याचा भाडेहक्क टिकतो. ही तरतूद आजच्या कायद्यातही आहे. घराची नोंद आपल्या नावावर असणे इतके महत्त्वाचे का, याचे हे मूळ.

पुढे १९२१ मध्ये जमीनभाड्याचा स्वतंत्र कायदा आला. युद्धकाळात, १९४१ मध्ये, त्यात सर्वांत मोठी दुरुस्ती झाली. मुदत संपली एवढ्याच कारणाने मालकाला नूतनीकरण नाकारता येणार नाही, ‘सेइतो जियू’, म्हणजे न्याय्य कारण दाखवावे लागेल, असे ठरले. घरचा कर्ता रणांगणावर आणि मागे कुटुंब बेघर, ही वेळ येऊ नये हा त्यामागचा हेतू होता. युद्ध संपले, पण तरतूद राहिली. परिणाम असा झाला की एकदा दिलेली जमीन परत मिळण्याची आशा मालकांनी सोडली. आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पागडीच्या चाळींत जे झाले, त्याच्याशी हे ताडून पाहावे. जमीन परत मिळत नाही म्हटल्यावर नवी जमीन भाड्याने द्यायला कोणी तयार होईना. म्हणून १९९१ मध्ये नवा कायदा मंजूर झाला आणि १ ऑगस्ट १९९२ पासून लागू झाला.

ही तारीख प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १ ऑगस्ट १९९२ च्या आधीचा करार असेल तर त्याचे नूतनीकरण नंतर झाले तरी त्याला मुख्यतः जुन्या कायद्याचेच नियम लागू राहतात.

तीन प्रकार, तीन उत्तरे

१) जुना हक्क (१९९२ पूर्वीचा). यात काँक्रीटसारख्या पक्क्या इमारतीसाठी करारात मुदत लिहिली नसेल तर ती ६० वर्षे धरतात. लिहिली असेल तर किमान ३० वर्षे. लाकडी घरासाठी हेच आकडे ३० आणि २० आहेत. मुदत संपल्यावर नूतनीकरण पक्क्या इमारतीला ३० वर्षांचे आणि लाकडी घराला २० वर्षांचे. उदाहरणार्थ, १९७५ साली ३० वर्षांच्या कराराने उभी राहिलेली काँक्रीटची इमारत घ्या. तिची मुदत २००५ मध्ये वाढली आणि पुढची तारीख २०३५. इमारत उभी असेपर्यंत आणि मालकाकडे न्याय्य कारण नसेपर्यंत मुदत अशीच वाढत जाते.

२) नवा सर्वसाधारण हक्क (१९९२ नंतरचा). पहिली मुदत किमान ३० वर्षे, पहिले नूतनीकरण किमान २० वर्षे, त्यानंतर प्रत्येक वेळी किमान १० वर्षे. इथेही मालकाला न्याय्य कारण लागते. नूतनीकरण मागताना जमिनीवर इमारत उभी असणे आवश्यक आहे.

३) ठरावीक मुदतीचा हक्क, म्हणजे ‘तेइकि शाकुचिकेन’. राहत्या घरांसाठी याची मुदत ५० वर्षे किंवा अधिक असते, आणि करार लेखी करावा लागतो. याला नूतनीकरण नाही. इमारत पाडून नवी बांधली म्हणून मुदत वाढत नाही. मुदत संपताना ‘आमची इमारत विकत घ्या’ असे मालकाला म्हणण्याचा हक्कही नाही. इमारत पाडून, जमीन मोकळी करून परत द्यायची.

आज बाजारात जे नवे, चकचकीत आणि ‘स्वस्त’ भाडेपट्ट्याचे फ्लॅट दिसतात, ते प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकारातले असतात. मोठी उदाहरणेही आहेत. शिबुया वॉर्डने आपल्या कार्यालयाच्या जागेचा एक भाग सुमारे ७० वर्षांच्या मुदतीने विकसकाला दिला. त्या बदल्यात वॉर्डला नवे कार्यालय मिळाले, ते २०१९ मध्ये सुरू झाले, आणि शेजारी ३९ मजली निवासी मनोरा उभा राहिला. सरकारी संस्थेला जमीन विकावी लागत नाही, राहणाऱ्याला मोक्याच्या जागी घर मिळते. व्यवहार म्हणून यात खोट काही नाही. फक्त आपण काय विकत घेत आहोत हे नीट ठाऊक हवे: घर आणि त्यासोबत मोजकी वर्षे.

तिसऱ्या प्रकारात मुदत वाढतच नाही का?

कायद्याने हक्क म्हणून नाही. दोन्ही बाजू राजी असतील तर मुदत संपताना नवा करार करता येतो, पण तो मालकाच्या मर्जीचा प्रश्न. शिवाय शंभर घरांच्या इमारतीत सगळ्यांचे एकमत व्हायला हवे, आणि तोवर इमारत पन्नास-साठ वर्षांची झालेली असणार. हा कायदाच १९९२ चा, त्यामुळे यातली पहिली ५० वर्षांची मुदतही २०४२ च्या आधी संपत नाही. म्हणजे मुदत संपल्यावर अशा मान्शोनचे प्रत्यक्षात काय होते, याचा दाखला अजून कोणापुढेच नाही. ‘बघू, पुढे काहीतरी निघेल’ या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये.

ज्यांचे नातेवाईक लंडनला आहेत त्यांनी ऐकले असेल की तिकडे पट्टा वाढवून मिळतो. ते खरे आहे. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला रक्कम भरून पट्टा ९० वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क मिळाला, आणि २०२४ मध्ये ही वाढ ९९० वर्षांपर्यंत नेणारा कायदा मंजूर झाला. जपानमध्ये असा ‘पैसे भरा आणि वर्षे घ्या’ प्रकारचा हक्क नाही. इथे जुन्या दोन प्रकारांत न्याय्य कारणाचे संरक्षण आहे, तिसऱ्यात तेही नाही. तिकडचे ऐकून इकडे निर्णय घेऊ नये.

हिशेब मांडून पाहू

समजा, एका स्टेशनजवळ दोन सारखे फ्लॅट आहेत. पूर्ण मालकीचा ६ कोटी येनला, आणि तेइकि शाकुचिकेनचा ४ कोटी ५० लाखांना. पट्टा २००५ साली ५० वर्षांसाठी झालेला, म्हणजे २०५५ ला संपणार. २०२६ मध्ये घेतला तर हाती २९ वर्षे.

देखभाल खर्च आणि दुरुस्ती निधी दोन्हीकडे सारखा धरू. पट्ट्याच्या फ्लॅटला त्याशिवाय चिदाइ, समजा १८,००० येन, आणि इमारत पाडण्यासाठीचा निधी, समजा ६,००० येन. महिन्याला २४,०००, वर्षाला २ लाख ८८ हजार, आणि २९ वर्षांत ८३ लाख ५२ हजार येन. सुरुवातीला वाचलेल्या दीड कोटीतून हे वजा केले तर साडेसहासष्ट लाखांच्या आसपास राहतात. जमिनीवरचा कर मालक भरतो, तेवढी आणखी बचत. आता दुसरी बाजू. २०५५ मध्ये मालकीच्या फ्लॅटच्या धन्याकडे निदान जमिनीतला वाटा उरेल, पट्टेवाल्याकडे काही उरणार नाही. आज चाळीस वर्षांचा असलेला गृहस्थ तेव्हा ६९ वर्षांचा असेल, आणि निवृत्तीच्या वयात त्याला नवे घर शोधावे लागेल.

पण ज्याला दहा-बारा वर्षांनी पुण्याला किंवा नाशिकला परतायचेच आहे, त्याचा हिशेब वेगळा. त्याच्यासाठी खरा प्रश्न असा: तेव्हा हा फ्लॅट विकत कोण घेईल? उरलेली मुदत १७ वर्षे असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला बँक जेमतेम तेवढ्याच वर्षांचे कर्ज देईल, कारण कर्जाची मुदत पट्ट्याच्या मुदतीत बसावी लागते. पट्ट्याच्या घरावर कर्ज देणाऱ्या बँका आधीच कमी, आणि कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर आणखी कमी. मुदत जशी सरते तशी किंमत उतरते. शेवटच्या वर्षांत दुरुस्तीवर खर्च करायला शेजारीही नाखूष होतात, कारण पाडायच्या इमारतीला रंग कोण काढणार?

जुन्या पट्ट्याची मुदत वाढवताना

ज्यांनी १९९२ पूर्वीच्या पट्ट्यावरचा जुना फ्लॅट घेतला आहे, त्यांची स्थिती पुष्कळच भक्कम आहे. जपानचे कर खाते दरवर्षी जुलैमध्ये रस्तानिहाय जमिनीचे दर दाखवणारे नकाशे प्रसिद्ध करते. त्यांत प्रत्येक रस्त्यापुढे इंग्रजी ए ते जी यांपैकी एक अक्षर असते. ए म्हणजे जमिनीच्या किमतीतला ९० टक्के वाटा भाडेहक्काचा, बी म्हणजे ८०, सी म्हणजे ७०, डी म्हणजे ६०, असे उतरत जी म्हणजे ३० टक्के. टोकियोच्या राहत्या वस्त्यांत सी आणि डी ही अक्षरे पुष्कळ दिसतात. वारसा कर आकारताना सरकारच या हक्काला जमिनीच्या किमतीच्या ६०-७० टक्के मोल देते, यावरून तो किती खरा हक्क आहे ते समजावे. वारसाने हा हक्क मुलांकडे जाताना मालकाची संमती लागत नाही.

मुदत जवळ आली की मालकाकडून ‘कोशिन-र्‍यो’, म्हणजे नूतनीकरणाची रक्कम मागणारे पत्र येते. टोकियो भागात जमिनीच्या किमतीच्या ३ ते ५ टक्के मागण्याची पद्धत आहे. ती द्यावीच लागते का? सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले की करारात ठरलेले नसेल तर केवळ रूढी म्हणून ही रक्कम आपोआप देय होत नाही. मात्र १९८४ मध्ये त्याच न्यायालयाने असेही म्हटले की देण्याचे कबूल करून न देणे हे करार मोडण्याचे कारण ठरू शकते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी मूळ करार काढून वाचावा. माफक रक्कम देऊन संबंध चांगले ठेवणेही पुष्कळदा शहाणपणाचे, कारण फ्लॅट विकायचा तर बहुधा मालकाची संमती लागते. त्यासाठी हक्काच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास रक्कम देण्याची प्रथा आहे. मालकाने संमती नाकारली तर न्यायालय तिच्या जागी परवानगी देऊ शकते.

मालकाने चिदाइ वाढवून मागितले आणि ते पटले नाही, तर भाडे भरणे मात्र कधीही थांबवू नये. वाजवी वाटेल ती रक्कम भरत राहावे. मालक ती घेत नसेल तर ती होमुक्योकु, म्हणजे न्याय खात्याच्या कार्यालयात जमा करता येते. याला ‘क्योताकु’ म्हणतात. पुढे निकाल मालकाच्या बाजूने लागला तर कमी भरलेली रक्कम वर्षाला १० टक्के व्याजाने द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

सही करण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

१. होमुक्योकुतून फ्लॅटच्या नोंदीचा उतारा काढावा. खिडकीवर अर्ज देऊन ६०० येनमध्ये तो कोणालाही मिळतो. आपल्या सात-बारासारखाच हा कागद. त्यात ‘शिकिचिकेन’ या मथळ्याखाली हक्काचा प्रकार पाहावा. तिथे ‘शोयुकेन’ असेल तर मालकी. ‘चिन्शाकुकेन’ असेल तर भाडेहक्क, त्याला संमती वगैरे लागते. ‘चिजोकेन’ असेल तर त्याहून बळकट हक्क, जो मालकाच्या संमतीशिवाय विकता येतो.
२. जमिनीचा मूळ करार मागावा. तो १९९२ च्या आधीचा की नंतरचा? मुदत कधी संपते? साल आणि महिना लिहून घ्यावा.
३. करारापूर्वी परवानाधारक व्यक्तीने ‘जूयो जिको सेत्सुमेइ’, म्हणजे महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण देणे कायद्याने बंधनकारक आहे. भाषा येणारा माणूस सोबत न्यावा आणि घाई करू देऊ नये.
४. पाडण्याच्या निधीत आजवर किती जमले आणि खर्चाचा अंदाज किती, हे कान्रि कुमिआइच्या हिशेबात पाहावे.
५. चिदाइ किती वर्षांनी आणि कोणत्या सूत्राने वाढते ते विचारावे.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी थोडेसे

घर भाड्याचे असले तरी हीच दोन रूपे आहेत. साध्या करारात मालकाला नूतनीकरण नाकारायचे तर मुदत संपण्याच्या १ वर्ष ते ६ महिने आधी कळवावे लागते आणि न्याय्य कारणही लागते. २००० पासून आलेल्या ‘तेइकि शाकुया’ करारात मात्र मुदत संपली की घर सोडायचे. पुढे राहायचे तर नवा करार. कंपनीच्या बदलीमुळे रिकामी झालेली घरे पुष्कळदा अशा कराराने दिली जातात, म्हणून मुलांच्या शाळेचा विचार करून मगच घ्यावीत. करारात स्पष्ट लिहिलेली आणि अवाजवी नसलेली कोशिन-र्‍यो वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०११ रोजी ठरवले. यूआरच्या घरांना ती नाही, रेइकिन नाही आणि जामीनदारही लागत नाही. आपल्या लोकांची तिकडे गर्दी का, ते वेगळे सांगायला नको!

वरील माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष व्यवहारात करार बेंगोशीकडून, म्हणजे वकिलाकडून वाचून घ्यावा. ‘होतेरासु’ या सरकारी कायदा-साहाय्य केंद्राकडून इंग्रजीतही माहिती मिळते.

शेवटी एक विनंती. घराच्या कागदांची एक फाइल करावी, मुदतीची तारीख तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावी, आणि ती फाइल कुठे आहे हे पती-पत्नी दोघांनाही व जाणत्या मुलांनाही ठाऊक असावे. पट्ट्याची वर्षे आपल्या नोकरीच्या, मुलांच्या शिक्षणाच्या आणि परत जाण्याच्या बेताशी जुळत असतील तर पट्ट्याचे घरही सुखाचे होते. जुळत नसतील तर कितीही स्वस्त मिळो, ते महागच पडते.